नवं जूनमध्ये येतंय

१२ जानेवारी

ताईनं अखेर होकार दिला. गेली तीन वर्षं मी तिच्यामागे भुणभुण लावली होती. आज सकाळी ऑफिसात, माझ्याकडे पाठ करून चहाचे कप विसळता विसळता ती म्हणाली, "बरं, कर तुझं नवं." मी म्हटलं, खरंच? तर म्हणे, परत विचारलंस तर नाही म्हणेन. मी परत विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले आणि ही डायरी घेऊन आले, कारण आता जे काही होणार आहे ते कुठेतरी लिहून ठेवलं नाही तर माझं डोकं फुटेल.

आमच्या आत्याला अजून वाटतं की आम्ही प्रिंटर दुरुस्त करतो. तिला समजावून थकले. कारखान्यात माल किती आला, काय बनलं, गोदामात काय पडून आहे, बिल कुणाला गेलं, हे सगळं एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपी. ताईनं कॉलेज संपल्या संपल्या ते एका स्प्रिंगच्या कारखान्यासाठी लिहिलं, मग दुसऱ्यासाठी, मग तिसऱ्यासाठी. आता साठेक छोटे कारखाने आमच्या जिवावर चालतात, किंवा आम्ही त्यांच्या. भावोजी, म्हणजे ताईचे अहो, हिशेब बघतात. बाकीचं सगळं मी बघते असं मला वाटतं.

दुखणं एवढंच आहे की ताईला कुणाला नाही म्हणता येत नाही. ज्यानं जे मागितलं ते तिनं त्याच्या मापानं शिवून दिलं. त्यामुळे आमच्याकडे एक सॉफ्टवेअर नाही, साठ आहेत, आणि एकात टाका घातला की दुसऱ्यात उसवतं. माझं नवं सगळ्यांना एकच असेल. ब्राउझरमध्ये उघडेल, महिन्याच्या भाड्यानं मिळेल. ताईची अट एकच आहे. तिच्या एकाही कारखान्याला वाऱ्यावर सोडायचं नाही.

१९ जानेवारी

आठवडाभर मी आणि मौनीबाबा जुनं उकरत बसलो होतो. मौनीबाबा हा आमचा मुख्य प्रोग्रॅमर, दिवसाला सरासरी चार शब्द बोलतो. आज मात्र तो आपणहून हसला. स्प्रिंगवाल्या काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेला माल तपासला की तीन बटणं येतात: स्वीकारला, नाकारला आणि 'बघू'. काकांना पुरवठादाराला तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून ताईनं त्यांना हे तिसरं बटण करून दिलंय. काकांच्या गोदामात सहा वर्षांपूर्वीची तार अजून 'बघू'मध्ये आहे.

ताईला विचारलं, हे नव्यात ठेवायचं का? ती गंभीरपणे म्हणाली, "ते काढलंस तर काका माल घेणंच बंद करतील." मी ते ठेवणार नाही. पण आज तिला सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा. हमाल चालला.

हमाल हे माझं लाडकं बाळ आहे. साठ कारखान्यांचा वर्षानुवर्षांचा पसारा साठ वेगवेगळ्या तऱ्हांनी भरलेला, तो सगळा उचलून नव्या घरात जिथल्या तिथे लावून द्यायचा, असा प्रोग्रॅम. हत्तीकडेसुद्धा असं काही नाही. (हत्ती म्हणजे ती बडी कंपनी. आमच्या धंद्यात तिचं नाव घेण्याऐवजी सगळे हत्तीच म्हणतात. तिनं आता छोट्या कारखान्यांसाठी एक स्वस्त आवृत्ती काढली आहे. शिवाय आमच्यासारख्या बारक्या कंपन्या ती विकत घेते, त्यांचे ग्राहक आपल्याकडे ओढते आणि त्यांचं सॉफ्टवेअर अडगळीत टाकते. म्हणून तर मला घाई आहे.)

आज रंगवाल्यांचा अख्खा डेटा हमालानं एका दुपारीत हलवला. एक डबा इकडचा तिकडे झाला नाही. ताई माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "भिंगरे, हे फार चांगलं केलंस." ती मला लहानपणापासून भिंगरी म्हणते, पण 'फार चांगलं' हे ती सहसा म्हणत नाही. मी दिवसभर तरंगत होते.

२२ फेब्रुवारी

झोप येत नाही, म्हणून आत्ताच लिहून काढते.

आज ग्राहकांचा मेळावा होता. भाड्याचा हॉल, निम्म्या खुर्च्या करकरणाऱ्या, पण सगळे आले. ताईनं मला बजावलं होतं, दाखव, पण तारीख सांगू नकोस. मी दाखवायला लागले. गोदामाचा हिशेब फोनवर दिसला तेव्हा काका उठून पुढच्या रांगेत येऊन बसले. बिस्किटवाल्या बाई अजून आमच्या ग्राहक नाहीत, पुढच्या महिन्यात जुनं घेणार होत्या, त्या तर तोंडावर हात ठेवून बघत होत्या. कुणीतरी मागून विचारलं, कधी मिळणार? आणि माझ्या तोंडून निघून गेलं: "नवं जूनमध्ये येतंय. आजपासून जुन्यात आम्ही एकही नवीन काम घेणार नाही."

काय टाळ्या पडल्या. असल्या टाळ्या ईआरपीला कधी पडल्या असतील असं मला वाटत नाही. मी ताईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, पण जरा उशिरा वाजवायला लागली. परतताना गाडीत ती ग्राहकांची यादी चाळत होती. मी म्हटलं, तारीख सांगितली म्हणून रागावलीस? म्हणाली, आता सांगितलीस ना, मग जूनला दे. भावोजींनी गाडी चालवता चालवता नुसता घसा खाकरला. त्यांना कौतुक करताच येत नाही.

१० मार्च

फोन शांत आहेत. पूर्वी दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी मागायचं, हा रकाना वाढवा, ते बिल आडवं करा. आता एकही नाही. लोक किती समजूतदार असतात. एकदा नीट सांगितलं की ऐकतात, हे मी ताईला कधीपासून सांगत होते.

त्यामुळे आम्हाला नव्यासाठी वेळच वेळ मिळतोय. मौनीबाबा काल एका दिवसात अकरा शब्द बोलला.

२८ मार्च

बिस्किटवाल्या बाईंचा फोन आला. जुनं घेत नाहीत. मी क्षणभर दचकले, तर म्हणाल्या, आता तीन महिन्यांसाठी जुनं कशाला घेऊ, मी नव्यासाठीच थांबते. म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या वस्तूसाठी माणसं रांगेत उभी आहेत. बॅटरीवाले थांबलेत, बाटल्यांवाले थांबलेत, ज्यांची वर्षाची फी भरायची वेळ झाली तेही म्हणतात, आता नव्याबरोबरच बघू. मी फळ्यावर थांबलेल्यांची नावं लिहायला सुरुवात केली, तर फळा पुरेना.

भावोजी त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "आणि तोवर?" मी म्हटलं, तोवर काय, तोवर काम. त्यांनी चष्मा पुसला आणि आत गेले. काही माणसांना भरलेला फळाही रिकामा दिसतो.

ताईनं गाडी विकली. म्हणे चालणं तब्येतीला चांगलं. या वयात तिला आरोग्याचं खूळ लागलंय याची मला गंमतच वाटली. आमचे पगार मात्र नेहमीसारखे पहिल्या तारखेलाच झाले.

१७ एप्रिल

ताईची दाढ फार त्रास देतेय. या आठवड्यात तिसऱ्यांदा दातांच्या डॉक्टरकडे गेली. इस्त्रीचे कपडे घालून जाते. मी चिडवलं, डॉक्टर देखणा आहे वाटतं. ती हसली, आणि दुखऱ्या दाढेच्या बाजूनंही चांगली मोकळी हसली.

आमच्या कामाला नुसता वेग आलाय. खरेदी झाली, गोदाम झालं, उत्पादनाचं अर्धं झालं. 'बघू' बटणही मी शेवटी ठेवलं. मीच चाचणी करताना तीन वेळा ते शोधलं, म्हणून.

६ मे

आज कमालच झाली. ताईच्या ओळखीचे तिघे जण ऑफिस बघायला आले. सल्लागार आहेत म्हणाली. त्यांच्यातला मुख्य माणूस करडा कोट घालून आला होता, बोलायला अगदी मऊ. मी नवं उघडून बसले होते. पण त्यांना हमालच बघायचा होता. जुन्यातून डेटा बाहेर काढायला किती वेळ लागतो? दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येईल का? मी म्हटलं, कुठेही. वाटेल त्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथल्या तिथे करून दाखवलं. करडा कोट वाकून बघत होता आणि सारखा मान हलवत होता. आयुष्यात मला इतकं समजून घेणारं गिऱ्हाईक भेटलं नाही.

एकच शंका मनात राहिली. नव्याची एकही स्क्रीन त्यानं उघडून पाहिली नाही. पण कदाचित ताईनं आधीच सगळं सांगितलं असेल.

ते गेल्यावर मौनीबाबा म्हणाला, "ते सल्लागार नाहीत." एवढंच. मी विचारलं, मग कोण? तर कानाला हेडफोन लावून बसला.

१९ मे

लिहवत नाही, पण लिहिते.

ताई कंपनी विकतेय. हत्तीला. करडा कोट हत्तीचा आहे, दाढ वगैरे काही दुखत नव्हती. ती हे मला सांगत होती तेव्हा भावोजी दारात उभे होते. मी जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुला माहीत आहे ते काय करतात, नवं मारून टाकतील ते. माझं तीन वर्षांचं स्वप्न, माझा हमाल, सगळं घेऊन जातील आणि नवं माळ्यावर फेकून देतील.

ताईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मारणार नाहीत. ठरलंय तसं. नवं बाहेर येईल, त्यांच्या नावानं येईल, पण तुझ्याच हातून येईल. तुमच्यातल्या एकालाही काढणार नाहीत. काका, रंगवाले, सगळे नव्यावरच जातील, हत्तीच्या त्या स्वस्त आवृत्तीवर नाही." मी विचारलं, ते असं का करतील? ती म्हणाली, "मी पटवलं."

भावोजी म्हणाले, "कशाच्या बदल्यात, ते विचार तिला." ताईनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते आत निघून गेले. मी विचारलं नाही. मला वाटलं पैशांचं काहीतरी असेल, आणि पैशांवरून त्या दोघांचं नेहमीच चालतं.

२३ मे

चार दिवस तोंड पाडून बसले होते. आज सकाळी उठले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हत्तीसारखी कंपनी, जिला वाटेल ते बनवता येतं, ती माझं नवं ठेवायला तयार झाली. का? कारण ते चांगलं आहे. करड्या कोटानं स्क्रीन उघडली नाही तर नाही, जाणकाराला वरवर बघूनही कळतं. आता नवं साठ कारखान्यांत नाही, साठ हजार कारखान्यांत जाईल. मी ताईला मिठी मारली आणि चार दिवसांबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "काम कर, जून उद्यावर आलाय."

ती मात्र आमच्याबरोबर येणार नाही. दमलेय म्हणते. मी किती सांगितलं, तिथे तुला मोठी केबिन देतील. नको म्हणाली. हिला एकदम म्हातारं व्हायची घाई झाली आहे.

५ जून

नवीन ऑफिस. गळ्यात पट्टा, पट्ट्याला माझा फोटो, आणि दार त्या फोटोला ओळखतं. खुर्ची पाच दिशांनी हलते. मौनीबाबा पहिल्या दिवशीच तिच्यावरून पडला.

जुन्या ऑफिसच्या किल्ल्या ताईनं घरमालकाला दिल्या. मी मदतीला गेले होते. तिनं सगळं आवरून ठेवलं होतं, माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं. जिन्यातून उतरताना म्हणाली, खालच्या टायरवाल्याच्या वासाची सवय होती, आता सुटेल. मला वाटलं ती आनंदात आहे. भावोजी माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. मी इतक्या मोठ्या ठिकाणी गेले ते त्यांना रुचलं नसावं.

२७ जून

झालं. जून संपायच्या आत झालं. परवा काकांच्या कारखान्यात नवं सुरू होणार, पहिला मान त्यांचा. आज सगळ्यांनी टेबलं बडवली, कुणीतरी केक आणला. मी इतकी खूश होते की करड्या कोटाला स्वतःहून कॉफी नेऊन दिली. म्हटलं, थँक्यू, तुम्ही नव्यावर विश्वास ठेवलात.

त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. चांगला माणूस आहे, खोटं बोलता येत नाही त्याला. म्हणाला, "विश्वास आमचा नव्हता. आम्हाला तुमचे ग्राहक आणि तो हमाल हवा होता. नवं आम्ही बंदच करणार होतो. तुमच्या ताई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, मग चहा घ्या आणि निघा."

मी विचारलं, मग?

"मग त्यांनीच मार्ग काढला. आम्हाला धास्ती होती ती त्यांचीच. उद्या पुन्हा दुकान मांडलं तर सगळे कारखाने त्यांच्या मागे जातील. त्यांनी लिहून दिलं, दहा वर्षं कारखान्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करणार नाही. ना स्वतः, ना कुणाला सल्ला. त्या बदल्यात नवं चालू ठेवायचं, आणि ते तुमच्याकडेच ठेवायचं."

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. ताईला विकायची वेळच का आली? तो कपात बघत म्हणाला, "तुमची फेब्रुवारीतली घोषणा आमच्या कानावर आली, तेव्हाच आम्ही म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. या धंद्यात हे पुष्कळांचं होतं. नवं येतंय असं सांगितलं की जुनं कुणी घेत नाही, आणि नवं तर अजून आलेलं नसतं."

त्या फळ्यावरची नावं मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. रंगीत खडूनं.

२८ जून

दुपारीच ऑफिसातून निघाले आणि ताईकडे गेले. भावोजींनी दार उघडलं. मी म्हटलं, मला कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाजूला झाले आणि माझ्यासाठी पाणी आणलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलले. "आत आहे ती. रागावू नकोस तिच्यावर."

रागावणार कशी? मी दारातच रडायला लागले. ताई पुस्तकांचं कपाट आवरत होती. मी म्हटलं, तुझं सगळं माझ्यामुळे गेलं आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर रडत बसली असतीस आणि जून गेला असता."

मी विचारलं, मेळाव्यात राग आला होता ना माझा?

"आला होता. फार आला होता." मग कपाटाचं दार लोटून म्हणाली, "पण खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मलाही आवडल्या. वीस वर्षांत आपल्याला कुणी टाळ्या वाजवल्या होत्या का?"

मग म्हणाली, दाखव तरी आता, काय केलंयस ते. मी लॅपटॉप उघडून तिच्याकडे सरकवला. तिनं तो परत माझ्याकडे फिरवला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट एकमेकांत अडकवले. "चालव तू. मी हात लावणार नाही." मी म्हटलं, अगं इथे कोण बघतंय? ती म्हणाली, मी शब्द दिलाय.

तासभर मी चालवत होते आणि ती बघत होती. खरेदी, गोदाम, उत्पादन. कुठे मान डोलावली, कुठे हसली. नाकारलेला माल परत पाठवायची स्क्रीन आली आणि तिचा चेहरा बदलला. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली. मी म्हटलं, काहीतरी चुकलंय, तुला दिसलंय, सांग. ती खिडकीबाहेर बघायला लागली. "सल्ला द्यायचा नाही असं लिहिलंय."

"ताई, उद्या काकांकडे सुरू होतंय."

"मग शोध."

मी शोधायला लागले. आधी दर तपासले, मग करांचा हिशेब, मग तारखा. ती बाहेरच बघत होती, पण तिचा पाय हलत होता. जसजशी मी भलतीकडे जात होते तसतसा जास्त हलत होता. कित्येक वर्षं ती माझ्या खुर्चीमागे उभी राहायची आणि मी वळून विचारायची. आता वळून उपयोग नव्हता. मी सगळं बंद केलं आणि एक खोटा माल मागवला, नाकारला, परत पाठवला, गोदामात जाऊन मोजला. तेव्हा दिसलं. परत पाठवलेला माल गोदामातून दोनदा वजा होत होता. उद्या काकांच्या गोदामात तार पडलेली असती आणि स्क्रीनवर शून्य दिसलं असतं.

मी ते मोठ्यानं म्हटलं. ताईचा पाय थांबला.

मौनीबाबाला फोन लावला, चूक सांगितली. तो म्हणाला, करतो. मी लॅपटॉप मिटला तेव्हा ताई अजून खिडकीकडे तोंड करून बसली होती. डोळे पुसत होती की हसत होती, नीट दिसलं नाही. मग तिनं मांडीवरचे हात सोडवले आणि माझ्या पाठीवर ठेवले, आणि बराच वेळ तसेच राहू दिले.